गाठ शिंपिणीशी

हातवाल्याने बेकरीवाल्याच्या पोटात मनगटापर्यंत हात घातला, तेव्हा गोदामातली दीडशे माणसं श्वास घ्यायचं विसरली.

टाइल्सचं बंद पडलेलं गोदाम होतं ते. भिंतीशी फुटक्या टाइल्सचे ढीग तसेच पडलेले, वर दोन ट्यूबलाइट, त्यातली एक सारखी डोळे मिचकावणारी. मधोमध लांब टेबल, त्यावर पांढरी चादर आणि चादरीवर उघड्या पोटाने आडवा पडलेला बेकरीवाला. पुढच्या तीन रांगांना खुर्च्या होत्या, मागचे सगळे टाचा उंचावून उभे. मोबाइल दारातच खोक्यात टाकून घेतले होते, कारण म्हणे मोबाइलच्या लहरी पेशींना बिथरवतात.

"घाबरायचं नाही," हातवाला म्हणाला. त्याचा आवाज मधात बुडवून काढल्यासारखा होता. "डॉक्टर कातडी फाडतात. मी कातडीला विनंती करतो. पेशी लाजाळू असतात हो, प्रेमाने सांगितलं की बाजूला सरकतात. बघा, सरकल्या!"

पोटावर लाल ओघळ आला. कुणाच्या तरी तोंडून "आई गं" निघालं. हातवाल्याने डोळे मिटले, चेहरा वाकडा केला, काहीतरी उपटतोय अशी हालचाल केली आणि बोराएवढा लालकाळा गोळा चिमटीत धरून वर काढला.

"ही बघा गाठ! हॉस्पिटलवाले हिच्यासाठी सहा महिने घेतात. मी सहा मिनिटं घेतली."

गोळा लगेच बादलीत गेला. बादलीजवळ एक जाडजूड बाई मिठाचा डबा घेऊन उभीच होती. तिने वर मूठभर मीठ टाकलं आणि झाकण लावलं. गाठीकडे जवळून पाहिलं की ती बघणाऱ्याला धरते, असं तिने आधीच सगळ्यांना बजावलं होतं. मग हातवाल्याने ओल्या फडक्याने पोट पुसलं. कातडी कोरी करकरीत. होता तो फक्त तीन वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनचा जुना व्रण.

"एकशे बारा!" पहिल्या रांगेतले गणिताचे निवृत्त मास्तर वहीत आकडा लिहीत ओरडले. टाळ्यांचा कडकडाट झाला. जन्मभर पोरांना 'सिद्ध करा' म्हणून छळलेला हा माणूस इथे मात्र काहीही सिद्ध न करता नुसते आकडे मांडत बसला होता.

दुसऱ्या रांगेत बेकरीवाल्याची थोरली बहीण बसली होती. ती शिंपीण. गल्लीतले सगळे तिला ताई म्हणत, म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत. तीस वर्षं पँटी, कोट आणि पडदे शिवून तिला एक खोड लागली होती. माणूस समोर आला की तिला आधी त्याची बाही दिसायची, तोंड नंतर. म्हणून सगळे पोटाकडे बघत होते तेव्हा ती झग्याकडे बघत होती. पांढरा, घोळदार, लांब बाह्यांचा झगा. सुरुवातीला डावी बाही उजवीपेक्षा बोटभर खाली लोंबत होती. गाठ निघाली, टाळ्या झाल्या, आणि दोन्ही बाह्या बरोबरीत आल्या.

'शिवण्यात चूक असती तर शेवटपर्यंत लोंबली असती,' तिच्या मनात आलं. 'ही हलकी कशी झाली?'

पण टेबलावरचा भाऊ रडत होता, हसत होता, आणि त्याची बायको हातवाल्याचे हात डोळ्यांना लावत होती. शिंपीण गप्प बसली.

हा भाऊ सेहेचाळीस वर्षांचा होता, तरी तिच्यासाठी अजून छोट्याच. तीन वर्षांपूर्वी त्याला जठराचा कॅन्सर निघाला. सर्जनबाईंनी जठराचा दोन तृतीयांश भाग काढला आणि उरलेला आतड्याला जोडला. छोट्या उठला, बेकरीत उभा राहिला, घासघास खात वजन सांभाळू लागला. आणि या वर्षी दुर्बिणीच्या तपासणीत नेमक्या त्या जोडापाशी गाठ परत दिसली.

सर्जनबाईंनी तेव्हा कागदावर चित्र काढून सांगितलं होतं. "परत आलाय, पण जागच्या जागी आहे. पसरलेला दिसत नाही. आधी केमोथेरपीचे चार डोस. गाठ आकसली की ऑपरेशन. उरलेलं जठर काढायचं आणि अन्ननलिका थेट आतड्याला जोडायची. आज रस्ता उघडा आहे. किती दिवस उघडा राहील ते मी सांगू शकत नाही."

'मी सांगू शकत नाही' हे त्यांचं वाक्य छोट्याच्या बायकोला फार लागलं. दोन डोस झाले. छोट्याच्या तोंडाची चव गेली, गार पाण्याला हात लावला की बोटांत काचा घुसल्यासारखं व्हायचं. पीठ मळण्यावर ज्याचं आयुष्य गेलं तो माणूस हातमोजे घालून ताज्या पावांकडे नुसता बघत बसायचा. अशात कुणीतरी हातवाल्याचं नाव काढलं. हातवाला कधीच 'मी सांगू शकत नाही' म्हणत नसे. त्याला सगळं सांगता यायचं. कसायाला दया नसते म्हणतात, पण निदान तो बोकडाला 'बरा होशील' असं तरी सांगत नाही.

त्या दिवशी घरी गेल्यावर छोट्याने अर्धा पाव खाल्ला. दुसऱ्या दिवशी पाऊण. घरात जणू विजयाचा गुलाल उडाला.

"बघितलंत ताई?" त्याची बायको म्हणाली. "दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर खाल्लं त्यांनी."

"बघितलं ना. आणि तिसरा डोस? सोमवारची तारीख आहे."

"सुई आता नाही. गुरुजी म्हणाले, माझा हात आणि त्यांची सुई एका पोटात नांदत नाहीत. गाठ गेली, पण मुळं राहिलीत. सात मुळं. दर आठवड्याला एक काढणार."

"सात का? आठ का नाही?"

"तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायलाच हवं का?"

सोमवार आला आणि गेला. हॉस्पिटलातून दोनदा फोन आला. छोट्याच्या बायकोने दुसऱ्यांदा तो बंदच करून ठेवला.

शिंपीण एकटीच सर्जनबाईंकडे गेली. बाहेर सव्वा तास बसल्यावर आत पाच मिनिटं मिळणार होती, म्हणून तिने प्रश्न कापडावर खुणा करायच्या खडूने पाकिटाच्या मागे लिहून नेले होते. सर्जनबाईंनी ते पाहिलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

"डॉक्टर, त्या हातवाल्याकडून आल्यापासून तो खातोय. गाठ गेली नसेल तर खातोय कसा?"

"दोन डोस झालेत त्याचे. औषधाने गाठ थोडी आकसली असणार, घास उतरायला वाट झाली. आणि औषधाची मळमळ दोन-अडीच आठवड्यांनी कमी होतेच. त्या माणसाने बरोबर त्याच वेळी हात फिरवला. आमच्या शेतात पीक आलं आणि तो कापून घेऊन गेला, एवढंच."

"मग आता थांबलं तर?"

"तर जी आकसली ती परत वाढेल. आणि या खेपेला ती जागच्या जागी बसेल याची खात्री नाही. एकदा पोटभर पसरली की मी चाकू उचलून उपयोग नाही. त्याला रागावू नका. केमो सोसणं सोपं नाही. पहिल्या दिवशी मी त्याला घाईघाईत समजावलं, बाहेर वीस माणसं होती. भीती ऐकून घ्यायला कुणीतरी लागतं. आम्ही वेळ दिला नाही, त्या भामट्याने दिला."

शिंपीण बाहेर आली ती मनाशी काहीतरी ठरवूनच. पण काय करायचं ते तिला कळेना. भावाला सांगावं तर तो ऐकणार नाही. बाही लोंबत होती म्हणून कुणी केमो घेतं का?

मार्ग दाखवला तो हातवाल्याच्या हावरटपणाने. तो पैसे घेत नसे, याचा फार गवगवा होता. तो सेवा घ्यायचा. रंगाऱ्याने गोदाम रंगवून द्यायचं, सुताराने टेबल करायचं, बेकरीवाल्याने रोज सकाळी चाळीस पाव पोचवायचे. बरं झालेल्या माणसाने आपल्या हातची कला द्यायची, म्हणजे रोग फिरून येत नाही, असा नियम. बरं झालेल्याच्या नातेवाइकांनाही तो लागू. तर बादलीवाली बाई एक दिवस दुकानात अवतरली आणि काउंटरवर एक घडी ठेवून म्हणाली, "गुरुजींना नवा झगा हवाय. या जुन्या नमुन्याबरहुकूम. सेवा म्हणून शिवा."

"माप?"

"माप कशाला, नमुना दिलाय की. अगदी असाच हवा. बाह्यांचा घेर कमी करायचा नाही."

"नाही करणार," शिंपीण म्हणाली. "उलट ऐसपैस ठेवते."

बाई गेली. शिंपिणीने झगा उलटा केला. तीस वर्षांत तिने एकही कपडा सुलट बाजूने तपासला नव्हता. सुलट बाजू गिऱ्हाइकाला दाखवायची असते. खरं काय ते आतून कळतं.

डाव्या बाहीच्या आत, मनगटापासून चार बोटं वर, सुईच्या भोकांची एक चौकट होती. तीन बोटं रुंद, हातभर नव्हे, फक्त वीतभर लांब. तिथे एक खिसा होता आणि झगा द्यायच्या आधी कुणीतरी तो उसवून काढला होता. दोरा काढला, भोकं कशी काढणार? एका कोपऱ्यात प्लॅस्टिकचा नखाएवढा कपटा टाक्यात अडकून राहिला होता आणि भोवती तपकिरी डाग. शिंपिणीने डाग नाकाशी नेला. कितीही धुतलं तरी मांसाचा वास तो मांसाचाच.

"अरे चोरा," ती त्या रिकाम्या झग्याला म्हणाली. आणि मग तिला खरा राग आला, इतका की कात्री खाली ठेवावी लागली. तिच्या छोट्याचा सोमवार या वीतभर खिशात गेला होता.

ती तशीच झगा घेऊन बेकरीत गेली. दुपारची वेळ, भट्टी थंड, छोट्या मैद्याचं पोतं उघडत होता. मैद्याच्या पोत्याचं तोंड मशीनने शिवलेलं असतं. नवखा माणूस ते सुरीने कापत बसतो आणि पिठात दोऱ्याचे तुकडे पाडतो. छोट्याने नेहमीप्रमाणे नेमक्या बाजूचं टोक शोधलं, ओढलं, आणि सर्रर्र करत सगळी शिवण एका दमात सुटली.

तिने त्याला भोकं दाखवली, डाग दाखवला, वास घ्यायला लावला.

"ताई, तू डाग दाखवतेस. मी पाव खाल्ला, त्याचं काय?"

तिने सर्जनबाईंचं म्हणणं सांगितलं. त्याने मान हलवली, पण पटून नव्हे.

"तू त्या खुर्चीत बसली नाहीस कधी," तो हळूच म्हणाला. "सुई लागली की तोंडात लोखंड येतं. शेजारच्या खुर्चीतला माणूस पुढच्या खेपेला नसतो. आणि वर विचारलं की बाई म्हणतात, सांगू शकत नाही. हा तरी म्हणतो, बरा झालास. मला ते ऐकायचंय गं. खोटं असलं तरी ऐकायचंय."

शिंपिणीला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. "मला तू हवायस," ती म्हणाली. "बरा झालास हे ऐकून मेलेला भाऊ मला नको."

मग तिने डोळे पुसले आणि कामाचं बोलली.

"छोट्या, एवढंच कर. पुढच्या खेपेला टेबलावर पडलास की त्याच्या डाव्या मनगटाकडे बघ. दोऱ्याचं टोक दिसेल. आता या पोत्याला होतं ना, तसं. ओढायचं की नाही ते तू ठरव. बाहीत नुसता हात निघाला, तर जन्मात परत तोंड उघडणार नाही. तुझे चाळीस पाव मी डोक्यावरून पोचवीन."

छोट्या पोत्यातलं पीठ परातीत ओतत राहिला.

दुकानाच्या कोपऱ्यात साखळी टाक्याचं एक जुनं मशीन होतं. कोट ट्रायलला द्यायचा असला की शिंपीण त्यावर कच्ची शिवण घालायची. ही शिवण मोठी नाटकी असते. ताणली, झटकली, तरी हूं की चूं करत नाही. पण शेवटी गाठ मारली नसेल आणि नेमकं टोक ओढलं, की अथपासून इतिपर्यंत उलगडते. तिने झग्याची सगळी शिवण पक्की केली. फक्त डाव्या बाहीची खालची शिवण त्या मशीनवर घेतली, काखेतून सुरू करून मनगटापाशी संपवली, आणि शेवटी गाठ मारली नाही. टोक मनगटाच्या दुमडीत बोटभर सोडून दिलं. घेर ऐसपैस ठेवला. शब्द पाळला होता तिने.

बादलीवाली झगा घेऊन गेली. खिसा ती आपल्या हातानेच आत लावणार, हे उघड होतं. असलं काम कुणी बाहेर देत नाही.

त्या दिवशी गोदामात दोनशे माणसं होती. नवा झगा पांढराशुभ्र झळकत होता. डावी बाही बोटभर खाली लोंबत होती.

"मागच्या वेळी गाठ काढली," हातवाला म्हणाला. "आज पहिलं मूळ. मूळ फार चिवट असतं. ते रडतं, विनवण्या करतं. मला ऐकू येतं, तुम्हाला नाही. कारण तुमच्या कानांत विज्ञानाचा मळ बसलाय!"

मास्तर खो-खो हसले. बेकरीवाला टेबलावर आडवा झाला. शिंपीण या वेळी पहिल्या रांगेत होती. छोट्याने बायकोला सांगितलं असेल का? बायकोने बादलीवालीला? की तो नुसता पडून राहील, मूळ निघेल, टाळ्या होतील आणि आणखी सहा आठवडे जातील? तोवर ऑपरेशनचा रस्ता बंद झाला असेल.

हातवाल्याने पोटावर दोन्ही हात ठेवले. बोटं आत गेली. लाल ओघळ आला. छोट्या डोळे उघडे ठेवून मनगटाकडे बघत होता. शिंपिणीला त्याचा हात दिसला. चादरीवरून उठलेला, मग थांबलेला. क्षणभर थांबलेलाच राहिला.

मग त्याने चिमटीत टोक धरलं आणि ओढलं.

सर्रर्र.

मनगटापासून काखेपर्यंत बाही पडद्यासारखी उघडली. आतला वीतभर खिसा सगळ्यांच्या देखत उलटा लोंबायला लागला आणि त्यातून तीन वस्तू बेकरीवाल्याच्या पोटावर पडल्या. दोन लालकाळे गोळे आणि लाल पाण्यात भिजवलेल्या कापसाचा बोळा.

हातवाला दचकला आणि त्याने हात उचलले. पोटात मनगटापर्यंत गेलेले हात उचलायला कितीसा वेळ लागावा? काहीच लागला नाही, कारण ते आत नव्हतेच. बोटं मुठीसारखी मुडपलेली होती. मऊ पोटात मूठ दाबायची, पोटाची घडी वर येते, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं बोटं आत गेली. मधूनमधून बोळा पिळायचा, की झालं रक्त.

तेवढ्यात मागून कोंबडीच्या दुकानाचा मालक पुढे घुसला आणि पोटावर वाकला.

"अहो, ही तर कलेजी! माझ्या दुकानातली! ही बादलीवाली बाई रोज सकाळी नेते. मला म्हणाली, मांजर पाळलंय."

कुणीतरी फिस्सकन हसलं. हातवाल्याने छाती पुढे काढली.

"हा... हा राखीव अवयव आहे! रोग्याला कमी पडला तर घालायला जवळ ठेवावा लागतो!"

"कोंबडीचा?" शिंपिणीने उभं राहून विचारलं. "माझा भाऊ काय अंडी घालणार आहे?"

आता मात्र गोदाम हसलं. पण सगळे नव्हते हसत. तिसऱ्या रांगेतली एक बाई दोन्ही हातांनी तोंड दाबून बसली होती. तिच्या नवऱ्याचा आकडा सत्याऐंशी होता.

मास्तर वही उघडून उभे राहिले. "पण एकशे चौदा माणसं बरी झालीत! माझ्याकडे नोंद आहे!"

"मास्तर, तुम्ही गणित शिकवायचात ना?" शिंपीण म्हणाली. "टाळ्या वाजल्या की तुम्ही आकडा लिहिता. नंतर घरी जाऊन कुणी बघितलं? जे परत आलेच नाहीत, ते वहीत कुठल्या पानावर आहेत?"

मास्तरांनी पान उलटलं. आणखी एक उलटलं. मग वही मिटली आणि ते खाली बसले. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा काहीतरी सिद्ध केलं.

तोवर हातवाला मागच्या दाराकडे सरकला होता. उसवलेली बाही खाली लोंबत होती आणि तीच सुताराच्या नव्या टेबलाच्या कोपऱ्यात अडकली. रंगारी आणि सुतार दोघांनी मिळून त्याला धरून ठेवलं. दारातल्या खोक्यातून कुणीतरी मोबाइल काढून पोलिसांना बोलावलं. बादलीचं झाकण त्यांनीच उघडलं. आत मीठ होतं आणि आठवडाभराची कलेजी. कुणालाही तिने धरलं नाही, वास मात्र सगळ्यांना लागला.

टेबलावर छोट्या उठून बसला होता. पोट लाल पाण्याने माखलेलं, हातात लांबलचक दोरा. त्याची बायको त्याच्याजवळ आली आणि नणंदेकडे बघून म्हणाली, "ताई, तारीख गेली हो. आता?"

"आता नवी मागू," शिंपीण म्हणाली. "ऊठ छोट्या, पोट पूस."

तो म्हणतो, मी काही ठरवलं नव्हतं, टोक दिसलं आणि सवयीने हात गेला. शिंपीण त्यावर वाद घालत नाही. पण तिने तो हात हवेत थांबलेला पाहिला होता. सवय थांबत नाही, थांबतो तो माणूस.

सर्जनबाईंनी रागावण्यात वेळ घालवला नाही. पुन्हा स्कॅन केला. गाठ पहिल्या दोन डोसांनी आकसली होती आणि मधल्या खाड्यात थोडी परत वाढली होती. पसरलेली मात्र दिसली नाही. "दैव नाही, केमो," बाई म्हणाल्या. "आणि थोडा योगायोग. तो दरवेळी मिळत नाही." उरलेले डोस झाले. या खेपेला शेजारच्या खुर्चीत शिंपीण बसायची, मांडीवर कुणाचा तरी कोट घेऊन बटणं लावत. तोंडात लोखंड आलं की छोट्या बोलायचा आणि ती ऐकायची. मग ऑपरेशन झालं. साडेपाच तास लागले. सहा मिनिटांत होणारं काम नव्हतं ते.

उरलेलं जठर गेलं. आता तो दिवसातून आठ वेळा थोडंथोडं खातो, काही जीवनसत्त्वांची सुई त्याला जन्मभर घ्यावी लागेल, आणि दर तीन महिन्यांनी तपासणी. "बरा झालो ना?" असं त्याने विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "आज काही दिसत नाही, इतकंच म्हणते. पाच वर्षं दिसलं नाही, तर बरा झालास म्हणेन." छोट्याला या वेळी ते वाक्य लागलं नाही. उलट त्या वाक्यावरच त्याचा भरवसा बसला.

बेकरीत कुणी विषय काढला, की तो मळलेल्या पिठाचा गोळा पुढे ओढतो, मूठ मुडपून दाबतो आणि म्हणतो, "बघा, गेला हात मनगटापर्यंत! आता मैद्याचं मूळ काढतो." लोक हसतात. मग तो मूठ उघडून दाखवतो. हे दाखवल्याशिवाय तो कुणालाही पाव देत नाही. मास्तरांना तर त्याने तीनदा दाखवलं.

हातवाला जामिनावर सुटला. कुठेतरी दुसऱ्या गोदामात, दुसऱ्या नावाने, नवा झगा शिवून घेत असेल. या खेपेला तो खिसाही स्वतः लावेल आणि शिवणही. म्हणून शिंपीण दुकानात येईल त्याला सांगते, आणि तेच सगळ्यांना सांगायचं आहे. कपडा घेताना तुम्ही तो उलटा करून बघता ना? मग जीव कुणाच्या हाती देताना का नाही बघत? जो म्हणतो, या, आतून बघा, हा स्कॅन, हे धोके, इथपर्यंत मला माहीत आहे, इथून पुढे नाही, त्याला प्रश्न विचारा, हवं तर दुसऱ्या डॉक्टरला विचारा, भीती वाटली तर मोठ्याने बोला, पण उपचार सोडू नका. आणि जो म्हणतो बघू नका, विचारू नका, मोबाइल बाहेर ठेवा, झाकण उघडू नका, त्याच्या बाहीत काहीतरी आहे. दुखणं खरं असतं. त्यावरचा इलाजही खराच लागतो.

परवा छोट्या त्याचा पांढरा एप्रन घेऊन आला. वजन उतरलंय, एप्रन अंगात ढगळ होतो. शिंपिणीने माप घेतलं, दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं आत घेतलं, जास्तीचं कापड कापून न टाकता आत दुमडून ठेवलं.

"कापलं का नाहीस?" त्याने विचारलं.

"पुढे अंगाने भरशील, तेव्हा उसवायला लागेल," ती म्हणाली.

मग तिने शिवण संपवली आणि शेवटी घट्ट गाठ मारली.